बोलोन्याला चार मिनिटं

मी चौथी पास, तीही दुसऱ्या खेपेला. इंग्रजी बोलता येत नाही, आणि समजलं तरी समजल्याचं मी दाखवत नाही. पण रेल्वेचं टाइमटेबल मला जितकं कळतं तितकं ईडन प्रेरीतल्या एकाही इंजिनियरला कळत नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. सांगितलंही होतं. त्याचा उपयोग झाला नाही, ती गोष्ट वेगळी.

भुसावळला छत्तीस वर्षं रेल्वेत काढली. खलाशी, म्हणजे रेल्वेतला मजूर, म्हणून लागलो, केबिनमन म्हणून सुटलो. केबिन म्हणजे स्टेशनाबाहेरची उंच खोली, आणि तिच्यात छातीइतक्या उंच लोखंडी दांड्यांची रांग. दांडी ओढली की लांबवर रूळ सरकतो, सिग्नल पडतो आणि गाडी आपल्या वाटेला लागते. मेल असो की कोळशाची मालगाडी, माझ्या हाताशिवाय पुढे जात नव्हती. मग रिटायर झालो, बायको गेली, आणि मुलगा मला उचलून अमेरिकेत मिनेसोटाला, ईडन प्रेरी नावाच्या गावी घेऊन आला. तिथे सहा महिने बर्फ आणि उरलेले सहा महिने बर्फाच्या गप्पा. घर गरम, पाणी गरम, माणसं बरी. पण मला कुणी काही विचारायचं नाही. ‘आप्पा, तुम्ही फक्त आराम करा.’ हे वाक्य ज्याला रोज ऐकावं लागलंय त्यालाच कळेल त्यात काय असतं ते.

मला दोन मुलं. मोठी मुलगी, धाकटा हा. मुलगी पुण्याला नर्सचं शिकली आणि एका कारखान्याच्या दवाखान्यात लागली. त्या कारखान्यात यंत्रं बसवायला इटलीचा एक माणूस आला होता. यंत्र बसवताना त्याचं बोट चिरलं, हिने पट्टी बांधली. एवढं निमित्त. वर्षभराने ती भुसावळला आली ती त्याच्याशी लग्न करून त्याच्या देशाला जाणार हे सांगायला. विचारायला नाही, सांगायला. मी म्हणालो, “जा. तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही, आणि माझ्या घरात तुझं नाव निघणार नाही.” तिची आई मध्ये पडली, तिलाही गप्प केलं. मुलीने पिशवी उचलली आणि दुपारच्या गाडीने गेली. त्या गाडीचा सिग्नल मीच पाडला. ड्यूटी माझी होती.

नऊ वर्षं मी शब्द पाळला. घरात तिचं नाव निघालं नाही. बायको तिची पत्रं ट्रंकेत ठेवायची आणि मी ड्यूटीवर गेलो की वाचायची. मला ठाऊक होतं, पण मी ट्रंक उघडली नाही. जाताना बायकोने एकच मागितलं. तिचा चांदीचा कुंकवाचा करंडा होता, तिच्या आईने दिलेला. म्हणाली, “हा लेकीच्या हातात द्या. पाठवू नका. हातात द्या.” मी हो म्हणालो. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं? तोवर मी विचारच केला नव्हता, की पाय लावायचा नाही आणि हातात द्यायचं, हे दोन्ही जमणार कसं.

ते जमण्यासारखं झालं मिनेसोटातल्या दुसऱ्या हिवाळ्यात. एका रविवारी जेवताना मुलगा म्हणाला, “आप्पा, एप्रिलमध्ये मला मिलानला काम आहे. म्हटलं सगळेच जाऊ. दोन दिवस रोम बघायचं, मग मिलान, मग परत. तुम्हीही चला.”

“रोमहून मिलानला कसं जायचं?”

“फ्लाइट आहे ना. एका तासाचं. मी बुक करतो.”

“आगगाडी जात नाही?”

“जाते, पण पाच-सहा तास लागतात. कशाला?”

मी म्हणालो, “नकाशा आण.” नात तिच्या शाळेचा नकाशा घेऊन आली. तिला मी म्हटलं, रोमवर एक बोट ठेव, मिलानवर एक ठेव, आणि मधली गावं वाच. तिने वाचली. फ्लोरेन्स. बोलोन्या.

बोलोन्या. ट्रंकेतल्या प्रत्येक पाकिटावर मागच्या बाजूला लेकीने मराठीतही तेच नाव लिहिलं होतं. ट्रंक आता माझ्या खोलीत होती, बायको गेल्यावर पाकिटं मी बघितली होती. मी भात कालवला आणि म्हणालो, “आपण आगगाडीने जाऊ.”

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, म्हणजे माझ्या डोक्यात काय आलं ते कळेल. आमच्या भागात कुणी लांबच्या प्रवासाला निघालं आणि वाटेत नातेवाइकांचं स्टेशन लागत असलं, तर आधी एक कार्ड टाकायचं. ‘अमुक दिवशी अमुक गाडीने पुढे जात आहोत.’ एवढंच. ‘भेटायला या’ असं कुणी लिहीत नाही, लिहिलं तर ते परकेपणाचं दिसतं. कार्ड मिळालं की माणूस समजतो आणि डबा घेऊन प्लॅटफॉर्मवर उभा राहतो. भरीत, पुऱ्या, मिरचीचा ठेचा, पाण्याचा तांब्या. गाडी थांबली की खिडकीतून डबा आत, पोर बाहेर, पोराचा मुका, पोर परत आत, कोण आजारी, कुणाचं लग्न जमलं, सगळं सांगून होतं. शिट्टी झाली की डोळे पुसायचे. माझ्या बायकोने भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर अर्धं नातं असं सांभाळलं. आणि खिडकी शोधायला बरोबर मुलगी. गाडी आत शिरतानाच ती धावत एकेक खिडकी बघायची आणि ओरडायची, “आई, मावशी इकडे!” तिची नजर कधी चुकली नाही.

आणि प्लॅटफॉर्म कुणाच्या घरचा नसतो. त्याला उंबरा नसतो. तिथे मी पाय लावला तरी माझा शब्द मोडत नव्हता. खिडकीतून करंडा दिला की बायकोचाही शब्द राहत होता. विमानातून हे होतं का? विमान वाटेत कुणासाठी थांबत नाही.

पण हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे तिचं नाव काढायचं, आणि नाव काढायचं नाही हा हुकूम माझाच.

मग मी कामाला लागलो. गावच्या लायब्ररीत नातीला घेऊन गेलो. तिथल्या बाईने युरोपच्या गाड्यांचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. नात म्हणाली, “आजोबा, यू कान्ट रीड इंग्लिश!” मी म्हटलं, गाडीला इंग्रजी लागत नाही. थांबा असेल तिथे आकडे असतात, नसेल तिथे नुसती उभी रेघ. बोलोन्यासमोर काही गाड्यांना रेघ होती. त्या सोडल्या. एक सकाळची गाडी सापडली, तिला दोन आकडे होते. यायची वेळ, निघायची वेळ. मध्ये चार मिनिटं.

चार मिनिटं म्हणजे काय असतं ते आम्हाला विचारा. चार मिनिटांत इंजिन पाणी पितं, टपालाच्या थैल्या उतरतात, आणि सासर-माहेरची वर्षभराची हकीगत होते.

बाईने त्या पानाची नक्कल काढून दिली. मी बोलोन्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद घरी आणून फ्रीजच्या दारावर लोहचुंबकाने लावला. महिनाभर तो तिथे होता. दूध काढताना, भाजी काढताना, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

त्या महिन्यात मी जेवढं बोललो तेवढं अख्ख्या अमेरिकेत बोललो नसेन. मुलगा म्हणायचा विमान, मी म्हणायचो आगगाडी. तो म्हणाला वेळ वाचतो. मी म्हटलं विमानतळ गावाबाहेर असतो, जायला एक तास, तिथे बसायला दीड तास, उतरल्यावर गावात यायला परत एक तास. कुठे वाचला वेळ? स्टेशन भर गावात असतं. तो म्हणाला सामान. मी म्हटलं आगगाडीत सामान डोळ्यांसमोर असतं, विमानात ते पोटात गिळतात आणि दुसऱ्याच देशात ओकतात. सूनबाई हसली आणि म्हणाली, “आप्पांना वकील करायला हवं होतं.” मी म्हटलं, “चौथीपर्यंत वकिली शिकवत नाहीत, बाई.”

एका शनिवारी पुण्याचे डॉक्टर जेवायला आले. मिनेसोटात आलेल्या पहिल्या मराठी माणसांपैकी ते, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. हकीगत ऐकून म्हणाले, “आप्पा, अहो एका तासाचं काम, आणि तुम्ही दिवसभर डब्यात बसणार? खिडकीतून काय, चहा गरम बघणार?”

मी म्हटलं, “डोंगर बघीन. शेतं बघीन. ज्या देशात गेलो तो देश बघीन. वरून काय, ढगांची पाठ दिसते.”

“नाही, तुमचं रेल्वेप्रेम मी समजू शकतो. शेवटी पोट भरलं तिने तुमचं.”

“माझंच नाही. या इंजिनियर साहेबांची फीसुद्धा तिनेच भरली.”

मुलाची मान खाली गेली. मला बरं वाटलं. आता वाटतं, तिथे बरं वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं.

शेवटी मी म्हणालो, “आगगाडी नसेल तर मी येत नाही. तुम्ही जा, मी इथे ब्रेड खाऊन राहतो.” तिसऱ्या दिवशी मुलाने आगगाडीची तिकिटं काढली. फर्स्ट क्लास, डबा नंबर सात, खिडकी. ती तिकिटं माझ्यासमोर ठेवून म्हणाला, “झालं समाधान?” मी म्हटलं, “झालं.”

त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. मुलाने भारतात पत्रं लिहायला आणून ठेवलेलं निळं हवाईपत्र मी घेतलं. ट्रंक उघडली, एक पाकीट काढलं आणि त्याच्यावरचा पत्ता बघून बघून उतरवला. इंग्रजी अक्षरं मी लिहिली नाहीत, चितारली. एवढ्या कामाला तास लागला. आत लिहिलं:

‘एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी रोमहून सकाळच्या गाडीने मिलानला जात आहे. तुमच्या स्टेशनात थांबा चार मिनिटं. डबा सात. आप्पा.’

‘चि.’ नाही, आशीर्वाद नाही, ‘ये’ तर नाहीच. नऊ वर्षांत मी तिला लिहिलेला हा पहिला कागद. पण मला ठाऊक होतं, तिला कळणार. ती भुसावळची आहे.

अमेरिकेत घराबाहेर टपालाची पेटी असते आणि तिला बाजूला एक लाल निशाण असतं. ते उभं केलं की टपालवाला आतलं पत्र घेऊन जातो. माझा जन्म गेला लाल म्हणजे थांब हे पाळण्यात. मी ते निशाण उभं केलं, खिडकीत बसलो, आणि टपालवाला येऊन ते पाडून जाईपर्यंत उठलो नाही.

मार्चअखेरीस बर्फ वितळतं, दुपारी पाणी होतं, संध्याकाळी परत गोठतं. काळं, काचेसारखं. मी पेटी बघायला गेलो आणि पाय सरकला. पेटी का बघायला गेलो? उत्तर आलं असेल का, म्हणून. उत्तर नव्हतं. गुडघा मात्र नारळाएवढा सुजला. पुण्याचे डॉक्टर आले, दाबून बघितलं आणि माझ्याशी न बोलता मुलाशी बोलले. मी तिथेच होतो, खुर्चीत.

निघायला आठ दिवस उरले होते. मुलगा ऑफिसातून आला, कोटसुद्धा न काढता माझ्यासमोर बसला.

“आप्पा, ट्रेन कॅन्सल केली. फ्लाइट बुक केलं. डॉक्टर म्हणाले पाय लटकवून सहा तास बसायचं नाही.”

“मला विचारलंस?”

“तुमच्यासाठीच केलं ना!”

“मला विचारलंस का?”

“आप्पा, तुम्हाला जिना उतरता येत नाहीये.”

“ती तिकिटं परत आण.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग फ्रीजकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, “एक कारण सांगा. स्टेशन गावात असतं, डोंगर दिसतात, ते नको. खरं एक कारण सांगा, आत्ता फोन करून बदलतो.”

सूनबाई चपात्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

कारण माझ्या तोंडात होतं. दोन शब्दांचं होतं. तुझी ताई. एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण मी म्हणालो, “रेल्वेने जायचं म्हटलं की जायचं. बापाला कारण विचारतोस?”

तो उठला. “मग फ्लाइट,” म्हणाला. लाटणं परत सुरू झालं.

आता कुणी म्हणेल, फोन होता. भिंतीवरच होता, पिवळा, लांब वायरचा. तिचा नंबर मुलाच्या डायरीत असणार हेही मला ठाऊक होतं. येऊ नकोस, मी विमानाने जातोय, एवढं कळवायला काय लागत होतं? पत्राला आठ दिवस पुरले नसते, पण फोनला दोन मिनिटं पुरली असती. त्याचं उत्तर मी तेव्हा स्वतःला असं दिलं: ती येणारच नाही. जिने पत्राचं उत्तर धाडलं नाही ती स्टेशनावर कशाला येईल? हे उत्तर मी आठ दिवस घोकलं. कार्डाला उत्तर लिहायची आमच्यात रीतच नाही, कार्ड मिळालं की माणूस सरळ स्टेशनावर उभा राहतो, हे मी भुसावळला छत्तीस वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं. ते मी सोयीने विसरलो.

निघायच्या दिवशी मिनियापोलिसच्या विमानतळावर एक लोखंडी चौकट असते, तिच्यातून माणसाला चालवतात. मी गेलो आणि ती बोंबलली. एक थोराड माणूस आला, त्याने माझ्या कोटाच्या आतल्या खिशाकडे बोट दाखवलं. मी करंडा काढून दिला. आगगाडी रद्द झाल्यावर तो मी का बरोबर घेतला होता, मला विचारू नका. त्याने झाकण उघडलं, आत बोट घातलं, बोट लाल झालं. तो ते बोट उजेडात धरून बघायला लागला. नात पुढे झाली, “इट्स फॉर द फोरहेड! इट्स माय ग्रँडमाज!” तो हसला आणि बोट आपल्या निळ्या पँटला पुसलं. माझ्या बायकोचं कुंकू.

सूनबाई म्हणाली, “हा तर आईंचा करंडा.”

मुलाने तो माझ्या हातात परत दिला, पण सोडला नाही. दोघांचाही हात त्याच्यावर. म्हणाला, “आप्पा, हा कशाला घेतलाय?”

“असू दे.”

“काही सांगायचंय का तुम्हाला? अजून दोन दिवस आहेत. रोमला गेल्यावरही बदलता येईल.”

मागे लोकांची रांग लागली होती. मी करंडा ओढून घेतला. “चला,” म्हणालो, “विमान सुटेल.”

रोमबद्दल काय सांगू? दगड बघितले. लंगडत बघितले. गुरुवारी विमानात बसलो. मुलाने मला खिडकी दिली, तेवढी त्याने आठवण ठेवली. खाली ढग होते. मी मनगटावरचं घड्याळ बघत होतो. सकाळची आगगाडी रोमहून निघाली असेल. शेतं मागे टाकत असेल. फ्लोरेन्सच्या वाटेला लागली असेल. विमानातल्या बाईने लिंबाचं सरबत दिलं, ते पिऊन होईपर्यंत विमान खाली यायला लागलं. सगळं मिळून एक तास. मुलाचं बरोबर होतं, एकच तास लागतो.

मिलानच्या हॉटेलात गेलो तेव्हा बोलोन्याच्या थांब्याला अजून अवकाश होता. ती वेळ झाली तेव्हा मी पलंगावर बसलो होतो. चार मिनिटं घड्याळात बघितली. मग खाली उतरलो, हॉटेलच्या माणसाकडून देवळाचं चित्र असलेलं कार्ड घेतलं, आणि खिशात आणलेल्या तिच्या पत्राच्या पाकिटावर बघून पुन्हा तो पत्ता चितारला. लिहिलं: ‘गाडी रद्द झाली. म्हणून विमानाने यावं लागलं. आप्पा.’

गाडी रद्द झाली. मी, छत्तीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, ज्याने पाच मिनिटांचा उशीरसुद्धा वहीत खरा लिहिला, मी आपली चूक एका आगगाडीवर ढकलली. तिला तोंड नव्हतं म्हणून.

शुक्रवारी मुलाचं काम झालं, शनिवारी सकाळी परत निघालो. मिलानला त्याने बहिणीला फोन केला का, मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. आमच्या घरात ती पद्धतच नव्हती.

मे महिन्यात ईडन प्रेरीला हिरवं होतं, एकदम, कुणीतरी दांडी ओढल्यासारखं. एका दुपारी पेटीत पाकीट होतं. माझ्या नावाचं, मराठीत, आणि खाली इंग्रजीत. तिचं अक्षर मी ओळखलं, कारण पाटीवर ते मीच गिरवून घेतलं होतं. पेटीजवळ उभं राहूनच वाचलं.

‘आप्पा,

तुमचं कार्ड मिळालं. गाडी रद्द झाली असं तुम्ही लिहिलंत. गाडी वेळेवर आली होती, आप्पा. मी तिथेच होते. सात नंबरच्या डब्याच्या सगळ्या खिडक्या बघितल्या. मग वाटलं तुम्ही डबा चुकीचा लिहिला असेल, म्हणून सगळी गाडी बघितली. मग पुढची गाडी बघितली, आणि त्याच्या पुढची. तुमचा नातू बरोबर होता, सहा वर्षांचा. त्याला सांगितलं होतं की आजोबा गाडीतून खाली उतरणार नाहीत, खिडकीतून भेटतील, आपल्याकडे असंच असतं. इथली वांगी भरताला चालत नाहीत, तरी भरीत केलं होतं. पुऱ्या तिथल्या हमालांना दिल्या.

आई सांगायची, तुम्ही काहीही कराल पण गाडीबद्दल खोटं बोलणार नाही.’

खाली सहीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी मुलगा आला. मी पाकीट त्याच्यापुढे धरलं. नऊ वर्षांचा हुकूम मीच मोडत होतो. त्याने पाकीट बघितलं आणि घेतलं नाही.

“मला माहीत आहे,” म्हणाला. “मिलानहून मी ताईला फोन केला होता. अर्धा तास रडत होती.”

“मग मला तिथेच का नाही सांगितलंस? दोन तासांवर तर होतो!”

“तुमच्या घरात तिचं नाव काढायचं नाही ना, आप्पा.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला काही बोलता आलं असतं.

मग तो म्हणाला, “तुम्ही कागदावर रेघ मारलीत तेव्हाच मला कळलं होतं, गाव कुठलं ते. म्हणूनच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. पत्र टाकलंय हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तुम्हाला स्ट्रेचरवर घालून गाडीत चढवलं असतं.”

“तुला कळलं होतं, तर माझ्याकडून वदवून कशाला घ्यायचं?”

“तुम्ही नाही का घेतलंत? आमच्याकडून? जन्मभर?”

सूनबाईने ताट वाढलं. आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी उत्तर लिहिलं. लहान होतं, पण दिवस गेला. ‘गाडी वेळेवर होती. मी नव्हतो. गुडघा दुखत होता, पण ते कारण नाही. कारण माझं तोंड. तुझ्या आईचा करंडा माझ्याकडे आहे. तू म्हणशील तिथे घेऊन येतो. घरीसुद्धा.’ ‘घरीसुद्धा’ हा शब्द तीनदा खोडला आणि चौथ्यांदा तसाच ठेवला. पेटीचं लाल निशाण उभं केलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलाला तिची पत्रं येतात, फोन येतात, नातीला वाढदिवसाला भेट येते. मुलगा आता माझ्यासमोर तिचं नाव घेतो, मीही घेतो. माझ्या पत्राला मात्र उत्तर आलं नाही. मुलगा एकदा म्हणाला, “मी ताईशी बोलून बघू का?” मी म्हटलं, नको. एकदा गेलं की गेलं, बोललेलं फिरवायचं नाही, हे तिला शिकवलं कुणी? तिचं काही चुकत नाही.

करंडा ट्रंकेत आहे, टाइमटेबलच्या कागदात गुंडाळून. आतलं कुंकू मी दर वर्षी बदलतो. ते जुनं झालं की काळं पडतं.